धुमसणारा राग, वाफाळणारा राग

इंग्रजीत रागासाठी शब्दांचा तुटवडा नाही, परंतु त्यांतला एक लहानसा गट मला फार वर्षांपासून खुणावत आला आहे, कारण त्यातल्या प्रत्येक शब्दाला धुराचा किंवा वाफेचा वास आहे. फ्यूम म्हणजे उग्र धूर किंवा वायू, आणि फ्यूमिंग म्हणजे रागाने फणफणणारा माणूस. इन्सेन्स म्हणजे धूप, आणि इन्सेन्स्ड म्हणजे संतापलेला. स्मोल्डर म्हणजे ज्वाळेविना धुमसणे, मग ते लाकूड असो की मन. स्टीम म्हणजे वाफ, आणि स्टीमिंग म्हणजे डोके तापलेला. नागपुरात मी मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना इंग्रजी शिकवते. स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत हे सगळे शब्द 'अँग्री'चे समानार्थी म्हणून एका ओळीत दिलेले असतात आणि मुले ती ओळ घोकतात. ही पद्धत मला मनापासून नापसंत आहे. हे शब्द समानार्थी नाहीत; आग कुठे लागली, ती कोणी लावली, तिला हवा मिळाली की नाही आणि तिचा धूर कोणत्या वाटेने बाहेर पडला, हे त्यांतला प्रत्येक शब्द वेगवेगळे सांगतो. आणि हे समजून घ्यायला मराठी माणसाला इंग्रजीच्या दारात फार वेळ उभे राहावे लागत नाही, कारण यांतल्या काही शब्दांची मुळे आपल्याच अंगणात आहेत.

फ्यूमपासूनच सुरुवात करू. हा शब्द फ्रेंचच्या मार्गाने लॅटिनमधल्या 'फूमुस' या शब्दावरून आला, आणि 'फूमुस' म्हणजे धूर. संस्कृतातला 'धूम' आणि हा 'फूमुस' हे सख्खे भाऊ आहेत. संस्कृतात शब्दाच्या आरंभी जिथे 'ध' आहे, तिथे लॅटिनमध्ये बहुधा 'फ' आणि ग्रीकमध्ये 'थ' सापडतो, आणि त्या नियमानुसार ग्रीकमध्ये या घराण्याचा तिसरा भाऊ आहे 'थ्युमोस'. गंमत अशी की ग्रीकांच्या 'थ्युमोस'चा अर्थ धूर राहिलाच नाही. त्याचा अर्थ छातीतली ऊर्मी, तडफ, धैर्य आणि राग असा झाला. होमरच्या काव्यातले वीर संतापतात, खचतात किंवा लढायला उठतात, तेव्हा हालचाल होते ती या 'थ्युमोस'ची. म्हणजे धूर आणि राग यांचे नाते इंग्रजीने जोडलेले नाही. इंग्रजी भाषा जन्माला येण्याच्या कितीतरी आधी, एकाच मूळ शब्दाची एक फांदी चुलीकडे आणि दुसरी फांदी माणसाच्या छातीकडे वळलेली होती. आज मानसोपचारतज्ज्ञ दीर्घकाळ रेंगाळणाऱ्या उदासीला डिस्थायमिया म्हणतात, त्या शब्दाच्या शेपटीतही हाच धूर आहे. महापालिकेचे कर्मचारी डासांसाठी गल्लीत धूरफवारणी करतात, रुग्णालयात फ्युमिगेशन होते आणि लग्नाला जाताना आपण परफ्यूम लावतो. या तिन्ही ठिकाणी तोच 'फूमुस' आहे, कारण परफ्यूम हा शब्द मुळात सुगंधी वस्तू जाळून दिलेल्या धुरीसाठी होता.

रागाच्या अर्थाने फ्यूम हे क्रियापद इंग्रजीत सोळाव्या शतकापासून वापरात आहे, आणि त्याचा बारकावा असा की तो राग दिसतो. फ्यूमिंग असलेला माणूस कदाचित एक अक्षरही बोलत नाही, पण त्याच्या नाकपुड्या, त्याचे येरझारा घालणे आणि त्याने भांडे आपटण्याची पद्धत यांवरून शेजारच्या खोलीतल्यालाही ते कळते. आपल्याकडे फोन ठेवल्यावर मावशी तासभर 'फणफणत' असते, ती अवस्था फ्यूमिंगच्या अगदी जवळची आहे. मावशी धुमसत नसते आणि भडकलेलीही नसते. हे अंतर मुलांना मराठीतून लगेच कळते, फक्त ते कोणीतरी दाखवावे लागते.

इन्सेन्सचा प्रसंग वेगळा आहे. गणेशोत्सवाच्या सुमारास एका मुलाने वर्गात विचारले, "मॅडम, इन्सेन्स म्हणजे धूप, तर मग इन्सेन्स्ड म्हणजे ज्याला धूप दाखवला तो का?" वर्ग हसला, पण प्रश्न अतिशय चांगला होता. लॅटिनमध्ये 'इन्सेन्दरे' म्हणजे पेटवणे. जे पेटवले जाते ते इन्सेन्स, आणि ज्याला पेटवले गेले तो इन्सेन्स्ड. दोन्ही शब्द एकाच काडीने पेटलेले आहेत. एकाचा धूर देवापुढे गेला आणि दुसऱ्याचा डोक्यात. उच्चारात मात्र फरक आहे: धूप या अर्थाच्या नामात जोर पहिल्या अवयवावर (सिलेबलवर) असतो आणि संतापवणे या क्रियापदात तो दुसऱ्यावर जातो. 'इन्सेन्दरे'च्या पोटात चमकणे, झळाळणे या अर्थाचा धातू आहे; त्याच्याच नात्यातून इंग्रजीत कँडल आली आणि संस्कृतात 'चंद्र' आला. इतक्या शीतल वस्तूचे आणि इतक्या तापलेल्या मनाचे मूळ एक असावे, याचे मला अजूनही नवल वाटते.

इन्सेन्स्ड वापरताना एक गोष्ट विसरू नये. हा शब्द कर्मणी आहे, म्हणजे काडी नेहमी दुसऱ्याच्या हातात असते. कोणी विनाकारण इन्सेन्स्ड होत नाही. अन्याय झालेला असतो, अपमान झालेला असतो, कोणाचा तरी शब्द फिरलेला असतो. इतवारीतल्या पूजासाहित्याच्या दुकानात धूप, राळ, ऊद आणि गुग्गुळ यांचे खडे पोत्यांत नुसते पडलेले असतात, आणि तिथे उभे राहिले तरी त्यांचा वास मंदच येतो. गोवरीच्या निखाऱ्यावर त्यातला एक खडा टाकला की तो आधी फसफसतो, कडांनी वितळतो, काळा पडतो आणि मग एकदम पांढरा लोट वर चढतो, डोळ्यांत पाणी येते. खडा स्वतःहून काही करत नाही, निखारा बाहेरून येतो. 'बातमी वाचून गाव संतापले' या वाक्यासाठी मी म्हणूनच इन्सेन्स्ड सुचवते. तिथे फ्यूमिंग लिहिले तर गावाचे गांभीर्य हरवते.

स्मोल्डरवर मला सगळ्यांत जास्त थांबावेसे वाटते, कारण या एका शब्दाला मराठीत तंतोतंत जोडीदार आहे. 'धुमसणे' या क्रियापदात 'धूम' उघड ऐकू येतो आणि ते लाकडालाही लागते, माणसालाही लागते, सीमेवरच्या प्रदेशालाही लागते. ज्वाळेविना जळणे ही निव्वळ कल्पना नव्हे. ज्वाळेत जळतो तो पदार्थातून सुटलेला वायू. धुमसण्यात मात्र ज्वलन घन पदार्थाच्या पृष्ठभागावरच चालते, प्राणवायू अपुरा असतो, तापमान ज्वाळेपेक्षा कमी असते, वेग अतिशय मंद असतो आणि जळणे अर्धवट राहिल्यामुळे धूर व विषारी कार्बन मोनॉक्साइड भरपूर निघतो. नागपुरातल्या भांडेवाडीच्या कचऱ्याच्या डोंगराला उन्हाळ्यात आग लागते, तेव्हा हेच घडते. वरून पाणी मारले की ज्वाळा विझतात, माणसे घरी जातात, आणि ढिगाच्या पोटात आग सरकत राहते. दुसऱ्या दिवशी वारा सुटला की भलत्याच बाजूने धूर निघू लागतो. कोळशाच्या खाणींतही असेच होते. झारखंडमधल्या झरियाच्या कोळसाखाणीत १९१६ साली आग आढळली आणि त्या परिसरातली भूमिगत आग शंभर वर्षांनंतरही जळत राहिली. नागपूरच्या आसपास कोळशावर पोट असलेली कितीतरी घरे आहेत, त्यांना साठवलेला कोळसा आपोआप कसा तापतो आणि धुमसू लागतो, हे सांगायची गरज नाही.

आपल्या जुन्या विचारवंतांनी या धुराचा फार बारकाईने विचार केला आहे. जिथे धूर तिथे अग्नी, हे न्यायशास्त्रातले, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रातले अनुमान सगळ्यांना ठाऊक असते, पण त्याच शास्त्राने पुढे असेही सांगितले की उलटे विधान खरे नाही: जिथे अग्नी तिथे धूर असेलच असे नाही. लालबुंद तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे आणि धूर नाही. धूर यायला अग्नीबरोबर ओले इंधन लागते. मला वाटते, स्मोल्डर आणि धुमसणे या शब्दांचे मर्म या ओल्या इंधनात आहे. ज्याला बोलता येत नाही, ज्याचे कोणावर तरी पोट अवलंबून आहे, ज्याला नाते तोडायचे नाही, त्याचा राग ओला असतो आणि म्हणून तो धुमसतो. वडील काही बोलले नाहीत, पण रात्रभर धुमसत होते, या वाक्यात वडिलांचा राग कमी नाही. त्याला हवा मिळालेली नाही, एवढेच. महाभारतातली विदुला युद्धातून हरून परतलेल्या मुलाला बोल लावते, तेव्हा ती नेमके हेच दोन प्रकार समोर ठेवते: दीर्घकाळ धुमसत राहण्यापेक्षा क्षणभर का होईना पेटून उठणे चांगले. तिथे मूळ संस्कृतात 'धूमायित' हा शब्द आहे. स्मोल्डरिंगला इतका जुना आणि इतका चपखल प्रतिशब्द आपल्याकडे असताना त्यापुढे 'रागावलेला' एवढेच लिहून मोकळे होणाऱ्या शब्दकोशांची मला चीड येते.

वाफेकडे वळले की इंग्रजी आणि मराठी यांच्या वाटा वेगळ्या होतात, आणि हा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडचे जग वाफेवर चालू लागले. पाण्याची वाफ झाली की साध्या दाबाला तिचे आकारमान सोळाशे पटींहून अधिक होते, आणि ती कोंडली तर लोखंडी भांडेही फाडते. १६७९ मध्ये देनी पापँ या फ्रेंच संशोधकाने हाडे शिजवण्यासाठी बंद झाकणाचे पात्र बनवले, जे आजच्या प्रेशर कुकरचे पूर्वज मानले जाते. वाफेचा दाब वाढला की ती आपोआप सुटावी यासाठी वजन ठेवलेली झडपही त्याच्याच नावावर आहे. ही झडप किती मोलाची होती ते पुढे कळले. १८६५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी नदीवर 'सुलताना' या आगबोटीचे बॉयलर फुटले आणि हजाराहून अधिक माणसे मेली. अशा काळात लेटिंग ऑफ स्टीम, म्हणजे वाफ सोडून देणे, हा वाक्प्रचार यंत्राकडून माणसाकडे आला यात आश्चर्य नाही. मोतीबागेतल्या नॅरो गेज रेल्वे संग्रहालयात मुलांना नेले की मी त्यांना वाफेच्या इंजिनाच्या पाठीवरची ती झडप आवर्जून दाखवते. घट्ट स्प्रिंगने दाबून धरलेली ती लहानशी वस्तू पाहिल्यावर 'लेट ऑफ स्टीम' पुन्हा समजवावे लागत नाही.

आता आपल्या भाषेकडे पाहा. १८६७ मध्ये नागपूरपर्यंत रूळ आले. तेच इंजिन, तेच बॉयलर, तीच वाफ. इंग्रजांनी तिला स्टीम इंजिन म्हटले, जहाजाला स्टीमर म्हटले. मराठीने तिला आगगाडी म्हटले आणि जहाजाला आगबोट. इंग्रजीची नजर वाफेवर गेली आणि मराठीची नजर त्या वाफेखालच्या आगीवर. रागाच्या बाबतीतही अगदी हेच झाले आहे. आपला राग भडकतो, पेटतो, त्याचा आगडोंब उसळतो, तळपायाची आग मस्तकात जाते, आपण आगपाखड करतो, अंगाची लाही लाही होते, जिवाचा तिळपापड होतो, आणि 'संताप' या शब्दात तर 'ताप' उघडाच बसलेला आहे. नवतप्यात, म्हणजे उन्हाळ्यातल्या त्या नऊ कडक दिवसांत, कूलरचे पाणी संपले की नागपूरकर उन्हासाठी आणि रागासाठी एकच 'लाही लाही' वापरतो. आमच्याकडचा मुलगा मित्राला विचारतो, "काऊन गरम होऊन राहिला बे?" त्यात उष्णता आहे, वाफ नाही. 'कोंडलेली वाफ बाहेर पडली' असे आपण अग्रलेखांत वाचतो खरे, पण तो मला कारखान्यांच्या काळातला पाहुणा वाटतो. घरात भांडताना कोणी तसे बोलत नाही.

चिनी भाषेची गोष्ट यापुढची आहे. तिथे रागावण्यासाठी जो नेहमीचा शब्द आहे त्यात 'छी' आहे, आणि 'छी' म्हणजे हवा, श्वास, वाफ. निंग यू या अभ्यासकाने १९९५ मध्ये दाखवले की राग म्हणजे आग ही कल्पना इंग्रजी आणि चिनी दोन्हींत आहे, परंतु इंग्रजीत शरीराच्या भांड्यात तापलेला द्रव असतो, तर चिनीत त्याच भांड्यात वायू कोंडलेला असतो.

भांडे आणि झडप यांची ही कल्पना इतकी पटण्याजोगी आहे की ती खरी मानली गेली. राग बाहेर काढा, उशीवर ठोसे मारा, मोकळे व्हा, हा सल्ला त्यातूनच आला. इंग्रजीत याला व्हेंटिंग म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ वारा, आणि आपला 'वात' त्याचा नातलग. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी २००२ मध्ये ६०० विद्यार्थ्यांवरच्या प्रयोगात हा सल्ला तपासला. ज्याने आपल्याला चिडवले त्याचा विचार करत ठोसे मारणारे विद्यार्थी शांत झाले नाहीत. काहीच न करता बसून राहिलेल्यांपेक्षा ते अधिक रागीट आणि अधिक आक्रमक निघाले. वाफ सोडली की बॉयलरमधला दाब उतरतो, पण माणूस ठोसा मारताना त्याच व्यक्तीचा चेहरा आठवत राहिला तर खाली कोळसा टाकणे चालूच असते. इथे मराठीची आगीवरची नजर मला अधिक शहाणी वाटते, कारण आग आहे असे म्हटले की तिला वारा घालू नये हे आपोआप कळते.

तरीही राग उघडपणे दाखवण्याची आपली एक रीत आहे आणि ती या शहराचीच आहे. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी नागपुरात काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे स्त्रीरूपातले मोठे पुतळे, निघतात, सोबत बडगे म्हणजे पुरुषरूपातले पुतळे असतात, आणि वर्षभर लोकांना ज्या महागाईने, भ्रष्टाचाराने, रोगराईने छळले त्याच्या नावाने घोषणा देत ती मिरवणूक जुन्या वस्त्यांतून जाते आणि शेवटी सगळे जाळले जाते. घराघरांत धुमसणारे काहीतरी त्या दिवशी रस्त्यावर ज्वाळा होऊन दिसते. इंग्रजी वृत्तपत्रात या मिरवणुकीचे वर्णन करताना लोकांच्या रागासाठी कोणता शब्द घ्याल, असे मी एकदा वर्गाला विचारले होते. बहुतेकांनी इन्सेन्स्ड निवडला. एका मुलीने मात्र स्मोल्डरिंग लिहिले आणि कारण दिले की हा वर्षभराचा राग आहे, आजचा नाही. मला तिचे उत्तर अधिक आवडले.

सीद आणि हफ हे या गटाचे दूरचे नातेवाईक. सीद म्हणजे मुळात उकळणे, शिजवणे. त्याचेच जुने धातुसाधित सॉडन आज ओल्याचिंब या अर्थाने उरले आहे. आपले 'खदखदणे' त्याला अगदी बरोबर बसते. हफ म्हणजे रागाचा फूत्कार, तो फार टिकत नाही. व्हेपर, म्हणजे बाष्प, हा शब्द मात्र रागापर्यंत पोचलाच नाही. पोटातून वाफा चढून मेंदूत जातात अशी युरोपातल्या जुन्या वैद्यकाची समजूत होती, आणि सतराव्या-अठराव्या शतकांत स्त्रियांच्या उदासीला, घाबरेपणाला आणि मूर्च्छेला 'द व्हेपर्स' असे नाव देऊन वैद्य मोकळे होत. पुरुष संतापला तर तो फ्यूमिंग आणि बाई अस्वस्थ झाली तर तिला व्हेपर्स, हा भेद मला खटकतो. त्या बायकांपैकी कितीजणी खरे तर धुमसत असतील, हे त्या काळच्या वैद्यांना विचारावेसे वाटले नाही.

आणि शेवटी वर्गात हमखास येणारा एक शब्द. 'ही इज फुल ऑफ हॉट एअर' याचे भाषांतर मुले 'तो रागाने तापला आहे' असे करतात, कारण इतका धूर आणि इतकी वाफ पाहिल्यावर गरम हवाही रागाचीच असणार असे त्यांना वाटते. पण हॉट एअर म्हणजे पोकळ बडबड. त्यात हवा आहे, ऊबही आहे, फक्त दाब नाही. मराठीत यासाठी शब्द शोधायला जावे लागत नाही. आजी म्हणते ना, उगाच तोंडची वाफ दवडू नकोस, तीच ही वाफ.